वरच्या फळीवरचा कप

मामाने उरलेला चहा एका घोटात घशाखाली ढकलला आणि कप बशीवर पालथा घातला. टक्.

"माझं," तो म्हणाला.

टकळीचं वाक्य अजून हवेतच होतं. मुख्याध्यापिकाबाई खेळाच्या सामानाच्या खोलीत चुकून कोंडल्या गेल्या, इथवर ती आली होती. आता त्या दार बडवतील, हाका मारतील असं सगळ्यांना वाटलं, पण आतून ऐकू आलं ते गाणं, चक्क गाणं, तेही प्रेमाचं, इथवरही आली होती. दार उघडल्यावर बाईंचा चेहरा कसा झाला ते सांगायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यात टक्.

"मामा! हे चीटिंग आहे! माझं संपलं पण नाहीये अजून!"

"संपायची वाट बघत बसलो असतो तर तुझ्या आईने पळवलं असतं. बघ तिचा कप कुठवर आलाय."

आईचा कप खरोखरच बशीपासून वीतभर वर आणि चांगला तिरका झालेला होता. तिने तो निमूटपणे सरळ केला आणि आपण चहाच पीत होतो अशा थाटात एक घोट घेतला. कप रिकामा होता.

"म्हणजे पाहिलं मी, सांगितलं मी, माझ्या शाळेत घडलं, आणि ते याचं?"

"नियम म्हणजे नियम," नाना वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. "स्वतःच्या कपाकडे बघ की जरा. काठोकाठ. साय धरलीये त्याच्यावर."

टकळीने कपाकडे पाहिलं. धरली होती.

तर, या घरात तीन माणसं लिहीत आणि एक माणूस चष्मे विकत असे. नाना म्हणजे आईचे वडील. त्यांच्या कादंबऱ्या इतक्या जाड, की त्यातली एक वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकण म्हणून कायमची नोकरीला लागली होती. आई कथा लिहायची. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नाटकं लिहायचा आणि वरच्या मजल्यावर एकटाच सगळ्या पात्रांच्या आवाजांत भांडायचा. बाबा सासुरवाडीत राहायला आलेला जावई. त्यावरून मामाने केलेले विनोद आता इतके जुने झाले होते, की ते ऐकून बाबा हसायचा ते केवळ ओळखीचं कोणी भेटल्यासारखं.

कप पालथा घालण्याचा नियम आजीचा. टकळीच्या जन्माआधी एकदा कोणी गृहस्थ चुकीच्या घरी सांत्वनाला आले होते आणि या घरात बसून पोटभर रडून गेले होते. पुढच्याच वर्षी ते गृहस्थ नानांच्या कादंबरीतही रडले आणि मामाच्या नाटकातही. बापलेकांनी महिनोन्‌महिने एकमेकांकडे पाठ करून जेवण केलं. शेवटी आजीने टेबलावर हात आपटून सांगितलं, की यापुढे या टेबलावर जे सांगितलं जाईल ते, जो आधी कप पालथा घालील, त्याचं. दुसऱ्याने त्याला शिवायचं नाही. फक्त कप रिकामा हवा, कारण टेबलक्लॉथ पांढरा आहे आणि तो धुणारी ती एकटी आहे. आजी स्वतः कविता करायची. तिला असल्या प्रसंगांची गरज पडत नसे, म्हणून न्यायनिवाडा तिच्याकडे होता. आजी जाऊन आता चार वर्षं झाली होती, पण नियम टेबलाच्या पायांसारखा घट्ट उभा होता.

आणि टकळी? टकळी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. पण तिची टकळी एकदा सुरू झाली, की ती थांबवायला घरात कोणाची छाती नव्हती. बोलण्याच्या नादात तिचा चहा नेहमी निवायचा. कप कधी रिकामाच व्हायचा नाही, त्यामुळे तिला आजवर एकही प्रसंग मिळाला नव्हता. एरवी तिने तेही हसण्यावारी नेलं असतं. पण आज गुरुवार होता आणि रविवारी वाचन होतं.

गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात 'एकाच टेबलावरचे लेखक' असा कार्यक्रम ठरला होता. नाना, आई आणि मामा आपापलं लेखन वाचणार होते. ग्रंथपालबाई आमंत्रण द्यायला घरी आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "आणि ही छोटी? ही नाही का लिहीत?" आई काही बोलायच्या आत टकळीने सांगून टाकलं होतं, "लिहिते तर! वाचेन की मी!" आता वाचनालयाच्या दारावरच्या फलकावर चार नावं होती. चौथं तिचं. अट एकच, की कथा कुठे छापून आलेली नसावी आणि स्वतःची असावी.

स्वतःची. आणि ती मघाशी मामाने टक् केली.

टकळी आपल्या खोलीत गेली ती दार आपटून. मग दार उघडून पुन्हा बाहेर आली, कपाटातून तिघांची पुस्तकं उतरवली, हनुवटीने दाबून धरत आत नेली आणि दार पुन्हा आपटलं.

आपल्या आयुष्यातलं काय काय शिल्लक आहे, ते तिला एकदा बघायचंच होतं. जमिनीवर बैठक मारून तिने पानं उलटायला सुरुवात केली. तिचा पहिला दात, जो तिने केळ्याबरोबर गिळला आणि 'आता तो मला आतून चावेल' म्हणून दुपारभर रडली, तो आईच्या कथेत होता. ती घर सोडून निघाली होती तेव्हा तिच्या सुटकेसमध्ये उशी आणि एक कांदा एवढंच निघालं. ती सुटकेस मामाच्या नाटकात दुसऱ्या अंकाला उघडायची आणि दर प्रयोगाला टाळी घ्यायची. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या पोपटाशी लग्न करायचा तिचा हट्ट आईकडे. तिच्या उवाही आईकडे. तिच्या गोवराने नानांच्या कादंबरीत एक राजपुत्र दगावला होता, आणि तोही पाच पानं खर्चून.

म्हणजे बघा, सोळा वर्षांचं अख्खं आयुष्य, आणि सगळं वापरून झालेलं! जुन्या कपड्यांचं होतं तसं नव्हे, उलटंच. कपडे थोरांचे धाकट्यांना येतात. इथे धाकटीचं सगळं थोरांनी घालून झालं होतं.

तिला हसू आलं. ते हसू ओठांवर असतानाच तिचा हात थांबला.

दुसरीचं वर्ष कुठेच नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून चाळलं. आईचे तिन्ही संग्रह, मामाची नाटकं, नानांच्या त्यानंतरच्या कादंबऱ्या. त्यात भांडखोर मुली होत्या, आजारी मुली होत्या, एक चोरटी मुलगी होती. न बोलणारी मुलगी नव्हती.

दुसरीत तिला वर्गात उभं राहून धडा वाचायचा होता. तिसऱ्या की चौथ्या ओळीत एका शब्दाशी ती अडली. त्याचं पहिलं अक्षर तोंडातून आलं, परत आलं, परत तेच आलं, गारठलेल्या सकाळी गाडी नुसती घरघरते आणि सुरू होत नाही तसं. कोणीतरी हसलं. वाईट दिसू नये म्हणून तीही हसली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत बोलेनाशी झाली. मग रस्त्यात, मग दुकानात, आणि हळूहळू घरातही. शब्दांवर पोट असलेल्या त्या घरात एक मुलगी वर्षभर मानेनेच हो आणि नाही म्हणत होती. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले आणि वाट बघा म्हणून सांगितलं.

त्या वर्षातली एक गोष्ट तिला पक्की आठवत होती. टेबलाभोवती ही मंडळी तावातावाने काहीतरी बोलत असायची. ती दारात आली, की एकदम चिडीचूप. आई तिला जवळ घ्यायची, मामा छताकडे बघायचा, नाना उगाच चष्मा पुसायचे.

ज्या मामाने स्वतःचं मोडलेलं लग्न तीन अंकांत मांडून दाखवलं, त्याने हे लिहिलं नाही. ज्या आईला उवांचीसुद्धा कथा सुचली, तिने नाही. नानांना एक गोवर पाच पानं पुरतो, त्यांनी नाही.

उवा चालतात म्हणजे. हे नाही चालत.

टकळीने पुस्तकं उचलली, जिथली तिथे कपाटात लावली, कडा सारख्या केल्या आणि खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं. ते आपटलं नाही म्हणून आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता बाबाच्या दुकानात गेली. दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या रांगा, त्यामुळे आत शिरलं की शेकडो जण आपल्याकडे बघतायत असं वाटायचं. मागच्या टोकाला अक्षरांचा उजळ तक्ता आणि त्याच्यासमोर गिऱ्हाइकाची खुर्ची. तक्त्याशेजारी एक उंच स्टूल होतं. ती त्याच्यावर चढून बसली. आता तिचे पाय जमिनीला टेकत होते.

"आज इकडे कशी स्वारी?" बाबाने विचारलं. तो एका चष्म्याच्या दांडीत नखाएवढा स्क्रू बसवत होता.

"असंच."

'असंच' या एका शब्दावर टकळीचं उत्तर संपलेलं बाबाने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. पण त्याने मान वर केली नाही. स्क्रू पडला असता.

त्या वर्षी ती रोज शाळेतून इथेच यायची. या स्टुलावर बसून, हातात लाकडी छडी घेऊन, बाबा सांगेल त्या ओळीवर टेकवायची. त्या कामाला बोलावं लागत नसे. बाबाही तिला काही विचारत नसे. गिऱ्हाइकांशी तो बोलायचा, तिला नुसती मान हलवून खूण करायचा, आणि ती छडी एक ओळ खाली न्यायची. सगळं जग तिला 'बोल ना गं, बोल ना राणी' म्हणत होतं तेव्हा या एका जागी तिच्या गप्प बसण्याला काम होतं.

आणि मग ते जाडे गृहस्थ आले. ड्रायव्हर होते, डोळ्यांच्या दाखल्यासाठी आलेले. डावा डोळा हाताने झाकून ते उजव्याने धडाधड वाचत सुटले. अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा! बाबा म्हणाला, वा. आणि स्टुलावरून खणखणीत आवाज आला:

"बाबा, ते बोटांच्या फटीतून बघतायत!"

वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही चहाडी! एकही अक्षर अडलं नाही. मग ती त्या गृहस्थांना सांगतच सुटली, की बोटं अशी नाही, अशी जुळवायची, आणि खोटं वाचलं तर गाडी झाडावर जाईल, आणि झाडावर पक्षी असतात. ते गृहस्थ ओशाळून हसत होते. बाबा पाठमोरा उभा होता. तक्त्याचा दिवा त्याने विझवला, मग लावला, मग पुन्हा विझवला.

असला प्रसंग! आता विचार करताना टकळीला वाटलं, हा प्रसंग मामासमोर नुसता ठेवला असता, तर त्याने कप काय, किटलीसुद्धा पालथी घातली असती.

"बाबा," ती म्हणाली, "दुसरीच्या वर्षाबद्दल कोणीच का नाही लिहिलं?"

बाबाचा हात थांबला. स्क्रू टेबलावर पडला, घरंगळला आणि खाली कुठेतरी गेला. दोघंही गुडघ्यांवर बसून तो शोधू लागले.

"त्यांना लाज वाटत होती ना?" ती टेबलाखालून म्हणाली. तिथून विचारणं सोपं होतं. "म्हणजे, एवढे मोठे लेखक आणि घरात असली... म्म..." शब्द अडला. अजूनही कधीमधी अडायचा. मग ती वाट बदलून दुसऱ्या शब्दाने पुढे जायची. आज तिने वाट बदलली नाही. थांबली. "मुकी. मुकी मुलगी."

बाबा टेबलाखाली तसाच ओणवा राहिला.

"हे उद्या चहाच्या वेळी विचार," तो म्हणाला. "टेबलावर."

"तू सांग ना."

"मला इथे सांगता येत नाही. तुझ्या आजीने घातलेली अट आहे."

"आजीचा काय संबंध?"

"सापडला!" बाबा म्हणाला आणि स्क्रू चिमटीत धरून उठला. पुढे त्याच्याकडून एक अक्षर निघालं नाही. बाबा एकदा मिटला की मिटला.

शनिवारी सकाळी चहा टेबलावर आला तेव्हा मामा मुख्याध्यापिकाबाईंच्या गाण्यातली पहिली ओळ कोणती ठेवावी यावर नानांचा सल्ला घेत होता.

"ए टकळे, त्या सुरात गात होत्या का बेसूर?"

"मला एक विचारायचंय," टकळी म्हणाली.

"आधी सूर सांग."

"तुझ्या नाटकात माझी सुटकेस आहे. आईकडे माझा दात आहे, उवा आहेत, पोपट आहे. नानांकडे गोवर आहे. तुम्ही तिघांनी माझं काही म्हणजे काही सोडलं नाहीत." हे तिने आरशासमोर घोकून ठेवलं होतं. घोकलेलं इथे संपलं. "मग मी बोलत नव्हते ते वर्ष कुठंय?"

मामाने छताकडे पाहिलं. नानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. अगदी तसंच! बाबा मात्र तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत 'हं, पुढे' असं होतं.

"तुम्हाला त्याची लाज वाटत असेल," ती म्हणाली, "तर वाटू दे. मला नाही वाटत. मला ते हवंय. मी ते उद्या वाचणार."

आणि तिने कप तोंडाला लावला. चहा कढत होता. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तळाशी जाईपर्यंत कप खाली ठेवला नाही. मग तो बशीवर पालथा घातला. टक्.

आयुष्यातला पहिला टक्.

"नाही घेता येणार तुला," नाना हळूच म्हणाले.

"का?"

"कारण ते आधीच घेतलेलं आहे."

"कोणी? कोणी घेतलं? कुठे छापलंय?"

तिघांच्याही नजरा एकाच दिशेला गेल्या. भांड्यांच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक छोटा निळा कप पालथा होता. कान तुटलेला. तो तिने रोज पाहिला होता. आजीची आठवण म्हणून ठेवलाय, अशी तिची समजूत होती, कारण तो आजीनेच तिथे ठेवला होता, आणि कारण घरात इकडची काडी तिकडे न करणारे नाना दर रविवारी खुर्चीवर चढून तेवढा एक कप पुसायचे आणि पुन्हा पालथा ठेवायचे.

"तो तुझा दुधाचा कप," आई म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही दुकानातून आलात. तू येतानाही बोलत होतीस, जेवतानाही बोलत होतीस, आणि बोलता बोलता बाबाच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलीस. मग त्याने आम्हाला ते सांगितलं. बोटांच्या फटीचं."

"भावोजींनी या टेबलावर सांगितलेला तो पहिला प्रसंग," मामा म्हणाला. "आणि काय सांगितला! वाक्य संपायच्या आत माझा हात कपावर होता."

"माझा आधी होता," नाना म्हणाले. "मी तर वर्षभर त्यावर लिहीतच होतो, चोरून. शेवट तेवढा सापडत नव्हता. आणि तो शेवट जावईबापूंनी आयता आणून समोर ठेवलेला."

"माझाही हात गेला होता," आई म्हणाली. तिने टेबलक्लॉथवरची नसलेली चुरी गोळा केली. "मी तुझी आई. तरी गेला."

टकळी आईकडे बघत राहिली.

"तिघांचे तीन हात कपावर," मामा म्हणाला, "आणि तेवढ्यात धाड्! ज्या माणसाने लग्न झाल्यापासून एकदाही कप पालथा घातला नव्हता, त्याने समोरचा कप उचलला आणि घातला. तुझा कप! आधी रिकामा करायचा असतो एवढंही याला माहीत नाही! सगळं दूध माझ्या नाटकावर."

"नाटक कुठलं? माझ्या मांडीवर," नाना म्हणाले.

"नाटक तेव्हा टेबलावर नव्हतंच," आई म्हणाली. "दूध हिच्या केसांवरून ओघळलं. तरी ही जागी झाली नाही."

"कानही तेव्हाच तुटला."

"कोणाचा?" टकळीने दचकून विचारलं.

"कपाचा गं!"

बाबा हसला. मग आपल्या कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "मी आपलं एवढंच म्हटलं, की हे माझं. मला काही लिहिता येत नाही. ही मागेल तेव्हा हिला देईन. नाही मागितलं तर असू दे तसंच."

"मी म्हटलं, कप भरलेला होता, दावा बाद!" मामा म्हणाला. "पण तुझ्या आजीने निकाल दिला. म्हणाली, टेबलक्लॉथ मला धुवायचाय, मी म्हणते चालेल. आणि स्वतः उठून तो कप वर नेऊन ठेवला. वर ताकीद, की हिला कोणी सुचवायचंसुद्धा नाही. हिचं हिने मागायचं."

"आणि तुम्ही लिहिलेलं, नाना?" टकळीने विचारलं.

"फाडलं."

"चांगलं होतं?"

नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"फार चांगलं होतं गं," ते म्हणाले.

बाबा उठला. त्याने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून निळा कप उतरवला आणि तो पालथाच आणून टकळीसमोर ठेवला. सरळ केला नाही. टकळीने कपाच्या बुडावर तळवा ठेवला. तो बोटांत मावेल एवढासाच होता. त्यावर धुळीचा कण नव्हता. दर रविवारचा नानांचा हात होता.

तिने तो सरळ केला.

"चहा घालू?" आईने विचारलं.

टकळीने मान हलवली. आईने किटली तिरकी केली. कपाला कान नव्हता, म्हणून टकळीने तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. चटका बसत होता, तरी सोडला नाही. मान वर करून ती सगळ्यांकडे बघू लागली आणि तेव्हा तिला ते दिसलं.

मामाचा हात. टेबलक्लॉथवरून, मांजराच्या पावलांनी, त्याच्या कपाकडे निघालेला. नानांची दोन बोटं बशीच्या काठापर्यंत पोचलेली. आणि आई, डोळे पुसता पुसता, उरलेला चहा घाईघाईने संपवत होती.

आपण पकडलो गेलो हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. मामाने हात झटकन मागे घेऊन डोकं खाजवलं. नानांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले. आईला ठसका लागला.

टकळी खदाखदा हसायला लागली. चहा हिंदकळला.

"घ्या की!" ती म्हणाली. "आजची सकाळ तुम्हाला! कोणीही घ्या! माझ्याकडे माझं आहे."

टक्. टक्. टक्.

"माझा आधी!"

"दादागिरी आहे ही, माझा आधी वाजला!"

"ताई, तुझ्या कपात चहा होता, मी डोळ्यांनी बघितलाय. नाना, तुम्ही सांगा!"

"मी काय सांगू, माझाच आधी होता."

भांडण रंगत गेलं. खिडकीचं टेकण सुटून ती दोनदा आपटली, तरी कोणी उठलं नाही. निवाडा करायला आजी नव्हती, आणि असती तरी, टकळीला वाटलं, ती आज हसत बसली असती. दूध आणि चहा यांच्या डागांवरून, कोणाच्या कपात किती थेंब उरले होते त्यावरून, दोघं बोलायची आणि तिसरा मध्येच तिसरंच काढायचा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टकळी ओंजळीतल्या कपातून छोटे छोटे घोट घेत होती. चहा गरम होता तोवरच ती तो पीत होती, अगदी तळापर्यंत, घाई न करता. इतका वेळ ती गप्प आहे हे त्या गलक्यात फक्त एकाच्या लक्षात आलं.

बाबाने तिच्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. तेव्हाही विचारलं नव्हतं. त्याने फक्त आपली खुर्ची थोडी तिच्या जवळ सरकवली आणि नुसती मान हलवली, तक्त्यावरची पुढची ओळ दाखव म्हणताना हलवायचा तशी.